तुझी तीन बोटं

सिद्धू, तुझी गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात अजून एका बोटावर उभी आहे. काल जाऊन बघून आलो. हवालदार बघत होता तरी पुढच्या चाकाशी उकिडवा बसलो आणि टायर नि मडगार्डच्या मधल्या फटीत बोट घातलं. एकच गेलं. दुसरं घालायला गेलो तर पत्र्याला लागून सोलपटलं. हवालदाराला म्हटलं, "साहेब, जॅक आणि पाना आणतो, अर्ध्या तासात ही वर उचलून देतो." तो म्हणाला, "अहो, मुद्देमाल आहे तो. केस संपेपर्यंत आहे तशीच राहणार." म्हणजे किती वर्षं ते त्यालाही माहीत नाही. माझ्या हट्टाची उंची आता सरकार जपून ठेवणार आहे.

तू तीन बोटं मागितली होतीस. मी एक दिलं.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. पांढऱ्या कपड्यांत सगळा हॉल भरलेला. तुझ्या क्लासची मुलं एकेक उठून बोलत होती, सर किती शांत, सर कधी चिडले नाहीत. मी मागच्या रांगेत दात खात बसलेलो. सर चिडले नाहीत? ठाकुर्लीच्या चाळीत कॅरमच्या एका क्वीनवरून माझ्या पाठीत स्टूल घालणारा कोण होता मग? मेल्यावर माणसाला इतकं गुळगुळीत करतात की ओळखू येत नाही. मग भन्तेजींनी पंचशील सांगायला घेतलं. पहिलंच शील, कुठल्या जिवाला इजा करणार नाही असं. मी सगळ्यांबरोबर हात जोडून तोंडाने ते म्हणत होतो आणि डोक्यात तुला मारणाऱ्या त्या दोघांची डोकी फोडत होतो. घणाने, एकेकाचं, सावकाश. तुझ्या फोटोसमोर बसून मी हे केलं, सिद्धू. तुला सांगायला लाज वाटत नाही.

लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तिच्याकडे येतो, पण सुरुवातीपासून येतो, कारण मधूनच सांगितलं तर मी स्वतःला वाचवायला बघेन.

तू डोंबिवली-कल्याणच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचास, मी वागळे इस्टेटच्या शेडमध्ये गाड्यांचं सस्पेन्शन करतो. बारावीत मी नापास झालो तेव्हा तूच म्हणालेलास, "तुला स्प्रिंगचं गणित येत नाही, पण स्प्रिंग कळते. माझं उलटं आहे. आपण दोघं मिळून एक माणूस होतो." त्या एका वाक्यावर मी शेड टाकली. अडतिसाव्या वर्षी तू ती निळी, दोन दरवाज्यांची स्पोर्ट्स कार घेतलीस. तिसऱ्या मालकाकडून घेतली होती, पण गाडी अशी की सिग्नलला बाजूचा माणूस वळून बघायचाच. ती तू झाकून ठेवली नाहीस. तीच घेऊन क्लासला जायचास, तिच्यातच भाजी आणायचास, तिच्यातच मावशीला दवाखान्यात न्यायचास. तुझी आई, आमची मावशी, चाळीत सगळ्यांना सांगायची, "आमची गाडी बसकी आहे, पण पळते."

तुला ती थोडी खाली हवी होती. थोडीच. वळणावर झुकते, म्हणालास. मी म्हटलं, किती खाली? तू चार दिवसांनी आलास तो ग्राफ पेपर घेऊन. घरापासून क्लासपर्यंतचा एकेक स्पीड ब्रेकर तू लाकडी पट्टीने मोजला होतास! सकाळी सहा वाजता, रस्त्यावर पालथा पडून. लोकांना वाटलं महापालिकेचा माणूस आला. एक आजोबा तुला घरी चहाला घेऊन गेले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या गेटसमोर पण एक करा, पोरं फार जोरात जातात." तू चहा प्यायलास आणि "बघतो" म्हणून आलास. हे सांगताना तू इतका हसलास की ग्राफ पेपरवर चहा सांडला. तो डागाचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

"दिन्या, नुसत्या आखूड स्प्रिंगा टाक," तू म्हणालास. "इंचभर खाली येईल, बास."

"आणि शॉकअप जुनाच? त्याला हलायला जागा कुठे उरणार? प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटेल. चार महिन्यांत तेल ओकेल तो."

"मग?"

"पूर्ण सेट टाक. शॉकअपच्या अंगावर आटे असतात, त्यावर रिंग. रिंग फिरवली की गाडी वर, उलटी फिरवली की खाली. नाही आवडली तर बदलता येते."

इथपर्यंत मी बरोबर होतो. आजही कोणी आलं तर हेच सांगेन. रोजच्या वापराची गाडी असेल तर बदलता येईल अशीच उंची घ्यावी, कारण रस्ता आपल्याला विचारून बदलत नाही. ते तुला पटलं. मग तू म्हणालास, "तीन बोटं ठेव."

"तीन बोटांत टेम्पो दिसतो रे. एक."

"आई बसणारे त्यात."

"मावशीचं वजन ते किती!"

"वजन नाही रे, गुडघे."

गुडघे. तू स्पष्ट म्हणालेलास. मला तो शब्द ऐकूच आला नाही, कारण मी ती गाडी एका बोटावर कशी दिसेल ते बघत होतो. मला ती माझ्या शेडच्या दारात उभी हवी होती. तिचा फोटो मोठा करून भिंतीवर हवा होता. आणि झालंही तसंच. ती बघून लोक यायला लागले, "अशीच करून द्या" म्हणायला लागले. तू माझी जाहिरात चालवत होतास, सिद्धू, रोज, ठाकुर्लीपासून.

आणि रोज तिरका जात होतास. खाली बसवलेल्या गाडीला स्पीड ब्रेकर सरळ घेता येत नाही, पोट घासतं. गाडी तिरकी करायची, एक चाक चढवायचं, मग दुसरं, पोट वाचवत मुंगीच्या पावलाने उतरायचं. तोवर मागे हॉर्नची आरती सुरू होते. तू यायचास आणि सांगायचास, "आज एका काकांनी आईवरून शिवी दिली. आई शेजारीच बसलेली. ती म्हणाली, जाऊ दे, त्याला घाई असेल." आपण हसायचो. मी जास्त हसायचो.

माझा डावा अंगठा बघून लोक विचारतात काय झालं. मी सांगतो, दाबलेली स्प्रिंग सुटली. अर्धंच सांगतो. क्लॅम्पमध्ये आवळून धरलेली स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते, आणि त्या दिवशी ती माझ्या थोबाडाच्या रेषेत होती. तू स्टुलावर बसून पेपर तपासत होतास. क्लॅम्प कुरकुरला तो माझ्या आधी तुला ऐकू आला. तू मागून माझी कॉलर धरून असा हिसका दिलास की शर्ट फाटला. स्प्रिंग गेली पत्र्याच्या छताला भोक पाडून, आणि जाताना अंगठ्याचं पेर घेऊन गेली. माझं तोंड राहिलं. तू माझा अंगठा मुठीत गच्च दाबून दवाखान्यापर्यंत शिव्या देत आलास. तपासलेल्या पेपरांवर माझं रक्त होतं म्हणून तू मुलांना दुसऱ्या दिवशी परत परीक्षेला बसवलंस.

त्याच कॉलरला तू त्या शेवटच्या गुरुवारी हात घातलास.

दुपारचे चार वाजले असतील. तू आलास, उभ्याउभ्याच म्हणालास, "दिन्या, उचल गाडी. तीन बोटं दे. आई बसली की घासते. काल तिला उतरता येईना, दोन बायकांनी ओढून काढली."

माझ्याकडे गिऱ्हाईक उभं होतं. तुझीच गाडी बघायला आलेलं. त्याच्या देखत तू माझ्या कामाला नावं ठेवत होतास, मला तेवढंच दिसलं. मी म्हटलं, "आईला एवढा त्रास होतो ना, मग रिक्षा कर तिच्यासाठी. स्पोर्ट्स कार कशाला पाहिजे तुला?"

तू कॉलर धरलीस. मी तुझ्या तोंडावर ठोसा मारला. विचार करून मारला, सिद्धू, चुकून नाही. ओठ फाटला तुझा. तू मला उचलून वर्कबेंचवर आदळलंस, व्हाइसचा दांडा माझ्या बरगडीत घुसला, अजून निळं आहे. शेजारच्या शेडचे पेंटरकाका मध्ये पडले आणि त्यांनाही एक बसली, तुझी का माझी देव जाणे. मग मी भिंतीवरच्या बोर्डावरून रिंग फिरवायचा हुक पाना उपसला, कोयरीसारखा वाकडा, हातभर लांब, आणि तुझ्यावर फेकला.

"घे! उचल स्वतः! मास्तर ना तू!"

खांद्याला लागला तुझ्या. वाकलास, पाना उचललास, सीटवर ठेवलास, गाडीत बसलास. माझ्या शेडच्या तोंडाशीच उंचवटा आहे. तू गाडी तिरकी केलीस. एक चाक. मग दुसरं. फाटक्या ओठाने, मान ताठ ठेवून, मुंगीच्या पावलाने. आणि मी माझ्या टेम्पोत हात घालून हॉर्न दाबून धरला. तू पूर्ण उतरेपर्यंत धरला. गिऱ्हाईक हसलं. मीही.

आपली शेवटची भेट ही.

शनिवारी सकाळी तू मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठाण्याला आणत होतास. माजिवड्याच्या पुलाखाली सर्व्हिस रोडच्या स्पीड ब्रेकरवर गाडी पोटावर अडकली. मागे काळी मोठी गाडी, आत दोघे. हॉर्न, मग शिव्या, मग दार उघडल्याचा आवाज. तू चाकाशी वाकला होतास. उभा राहिलास तेव्हा तुझ्या हातात पाना होता. एकाने गाडीतून जॅकचा दांडा काढला. पहिला घाव तुझ्या मनगटावर, दुसरा कानामागे. पडलास तो दुभाजकाच्या कडेवर, आणि पडल्यावरही ते लाथा घालत राहिले, बरगड्यांत, पोटात, तोंडात. फाटलेल्या ओठावर. तो आधीच कोणी फाडलेला होता ते त्यांना काय माहीत. डॉक्टरांनी कागदावर मात्र सगळं एकत्रच लिहिलंय. माझा ठोसा त्यांच्या नावावर गेला.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तू संपला होतास. तिथून शेडवर आलो, घण घेतला आणि भिंतीवरच्या तुझ्या गाडीच्या फोटोचा चुरा केला. बेंचचा पत्रा पार वाकवला. मग कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या तुझ्या गाडीच्या मूळ, उंच स्प्रिंगा बाहेर काढल्या आणि त्यांच्यावर घण घालत सुटलो. स्प्रिंग फुटत नाही रे. घण उसळून माझ्याच नडगीवर आला. तसाच रक्त गळत पोलीस ठाण्यात गेलो. त्यातल्या एकाला तपासणीला नेत होते. मी त्याच्या गळ्यालाच धरलं. तिघा पोलिसांनी सोडवेपर्यंत माझी नखं त्याच्या मानेत होती. पंचविशीचा पोरगा. रडत ओरडला, "त्याच्या हातात लोखंड होतं! तोच मारायला उतरलेला!"

साहेबांनी मला बसवलं, पाणी दिलं. मग प्लास्टिकच्या पिशवीतला पाना टेबलावर ठेवला. "यांचं म्हणणं, मयत हे हत्यार घेऊन अंगावर आला. आई म्हणते, तो चाकाशी बसलेला. पण आई ती, आई असंच म्हणणार. तुम्ही मित्र. हे ओळखता का? काय आहे हे?"

मी म्हटलं, "नाही. माहीत नाही."

ही ती लाज. वीस वर्षं हातात घेतोय तो पाना. दांड्यावर माझं 'दि' ठोकलेलं आहे, मीच ठोकलेलं. ओळखतो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुमचा पाना त्यांच्याकडे कसा? मग गुरुवार आला असता, ठोसा आला असता, पेंटरकाका आले असते. मी घाबरलो. जिवंत असताना तुझ्यावर फेकलेलं लोखंड मी तू मेल्यावर तुझ्या हातात हत्यार म्हणून राहू दिलं.

परवा पुण्यानुमोदनाची खीर वाटून झाली तेव्हा मावशीने मला खुर्ची ओढून जवळ बसवलं. आवाज खरवडल्यासारखा झालाय तिचा. म्हणाली, "दिनू, तुमचं काय भांडण झालेलं रे? ओठ सुजवून आलेला. मला म्हणाला पडलो. शुक्रवारी दुपारभर खाली बसून ती रिंग फिरवत होता, हाताला फोड आले, पण हलेना. मग म्हणाला, दिन्याचं काम दिन्यालाच येतं. उद्या डोळ्यांचं झालं की वागळेला जाऊ, पाना परत देऊ त्याला, नाहीतर महिनाभर तोंड फुगवून बसेल तो."

मी हातातली खिरीची वाटी खाली ठेवली.

"मी बघत होते सगळं," ती म्हणाली. "काचेतून. दार उघडलं मी. पण उठता येईना रे. एवढी खाली ती सीट. हात टेकायला बघते, गुडघे उचलत नाहीत. ते मारतायत, आणि मी तिथे बसलेली. बसूनच राहिले मी."

सिद्धू, तू फिजिक्सचा मास्तर. गाडीचं सगळं वजन चाकांवर असताना रिंग फिरत नाही, आधी जॅक लावून चाक मोकळं करावं लागतं, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही? शनिवारी तर मागच्या हॉर्नांनी काही सुचूच दिलं नसेल. मी सांगायला हवं होतं. पाना फेकून मारताना सूचना कोण देतं? तुझ्यावरही चिडतो मी. का उतरलास? का नाही काच बंद करून फोन केलास? मी आलो असतो. मी शिव्या देत आलो असतो, पण दहा मिनिटांत आलो असतो. वागळेपासून माजिवडा कितीसा लांब! तू मला फोन केला नाहीस, कारण गुरुवारी मी तुला काय दिलं होतं ते तुझ्या लक्षात होतं. माझ्याही आहे.

आज सकाळी बोर्डावरून दुसरा पाना काढला. सेटमध्ये दोन येतात, एक रिंग फिरवायला, एक वरची रिंग धरून ठेवायला. त्याच्यावरही 'दि' आहे. तो आणि तुझा ग्राफ पेपर घेऊन ठाकुर्लीला गेलो. मावशी गहू निवडत बसली होती, हाताला काम म्हणून. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. तीन बोटं, एक बोट. गुडघे म्हणालेलास ते. ठोसा. पाना. पोलिसांना नाही म्हणालो ते. हॉर्नपाशी आलो, तेही सांगितलं. दाबून धरला, हसलो, सगळं.

ती ऐकत राहिली. मग तिने मारलं. मावशीने, जिने आपल्याला चाळीत कधी बोट लावलं नाही, तिने सगळं अंग मागे घेऊन माझ्या कानशिलात दिली. चष्मा उडून भिंतीला लागला. परत दिली. तिसरी द्यायला हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला, मग खाली आला. तिचा श्वास लागला होता. मी पाणी द्यायला उठलो तर म्हणाली, "बस खाली."

मी बसलो. तिने तो पाना उचलून मांडीवर घेतला, त्यावरच्या अक्षरावरून बोट फिरवलं.

"हा टेबलावर ठेवलास की त्यांना पटेल? की तो मारायला नव्हता उतरला?"

"दोन्ही पाने शेजारी ठेवीन. कशासाठी असतो ते दाखवीन. पेंटरकाकांनाही नेतो, त्यांनी पाहिलंय मी फेकताना. सगळंच सांगावं लागेल, मावशी. माझंही."

"सांग. मीपण येते."

गाडी वर उचलून द्यायला आता मला कोणी देणार नाही, सिद्धू. आपल्या भांडणाचा निकालही कोणी लावणार नाही, म्हणून मीच सांगतो. तीन बोटंच बरोबर होती. तू मोजली होतीस, मी नव्हती.

दारात निघताना मावशीने विचारलं, "किती वाजता जायचं उद्या?"

मी म्हटलं, "अकराला. मी घ्यायला येतो. रिक्षाने जाऊ."

रिक्षात तिला चढता येतं, आणि उतरताही येतं.